दोन चिठ्ठ्या, एकच रक्त

माझ्या टेबलाच्या खणात दोन चिठ्ठ्या जपून ठेवलेल्या आहेत. दोन्हींवर माझेच नाव आहे, दोन्हींवर एकच तारीख आहे आणि दोन्हींसाठी लागलेले रक्तही एकाच वेळी माझ्या एकाच दंडातून काढलेले आहे. असे असूनही एकीवर 'प्रतिपिंडे आढळली नाहीत' असे छापले आहे व दुसरीवर 'आढळली' असे. या चिठ्ठ्यांची हकीकत आज वाचकांपुढे मांडावयाचे योजिले आहे. तिच्यात एका शास्त्रीय गोष्टीचा उलगडा आहे, त्याचप्रमाणे माझ्या एका चुकीची कबुलीही आहे.

ऑगस्ट २०२० मध्ये मला करोनाची बाधा झाली. दोनतीन दिवस ताप, थोडा खोकला, जिभेची चव गेलेली. यापलीकडे त्रास झाला नाही. बरा होऊन बाहेर पडलो तेव्हा मनात एक प्रकारचे धैर्य आले होते. ज्या घरी शेजारीही पाऊल टाकीत नसत, त्या घरी मी जाऊ लागलो. 'फादरांना होऊन गेला आहे, त्यांना आता भय नाही,' असे गावातील मंडळी म्हणत आणि मलाही ते खरे वाटे.

पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये शहरात काही कामासाठी गेलो असता सहज एका प्रयोगशाळेत रक्त तपासून घेतले. उत्तर आले: प्रतिपिंडे नाहीत. सहा महिन्यांत सारे संरक्षण ओसरले, असा त्याचा अर्थ मी केला. कोणाला विचारले नाही, कारण विचारण्यासारखे काही आहे असेच वाटले नाही. छापील कागदापुढे आपण सारेच थोडे नम्र होतो.

एप्रिलमध्ये दुसरी लाट आली. गावाच्या टोकाला एक वृद्धा राहत असे; सारा गाव तिला आजी म्हणे. तिला ताप आला, दम लागू लागला. इस्पितळात खाट मिळाली नाही, म्हणून ती घरीच होती. तिच्या मुलाचा फोन आला. "फादर, आई तुमची वाट पाहते आहे. आत येऊ नका हवे तर. दारात उभे राहून चार शब्द बोललात तरी तिला बरे वाटेल."

मी खणातील तो कागद पुन्हा काढून पाहिला. "दोन दिवस थांब, काय ते पाहू," असे त्याला सांगितले आणि आजीशी फोनवरच बोललो. तिला नीट ऐकू येत नव्हते. दुसऱ्या दिवशी रात्री ती गेली.

जूनमध्ये माझे एक डॉक्टर स्नेही भेटले. त्यांना मी सारे सांगितले. त्यांनी पहिला प्रश्न केला, "चाचणी कोणती केली होती?" मला हसू आले. प्रतिपिंडांची चाचणी म्हणजे प्रतिपिंडांची चाचणी. तिच्यात कोणती आणि कसली असावयाचे काय कारण? त्यांनी माझे रक्त काढून त्याचे दोन भाग केले व दोन निरनिराळ्या पद्धतींनी तपासण्यास धाडले. लस तोवर मी घेतलेली नव्हती. चार दिवसांनी या दोन चिठ्ठ्या माझ्या हातात पडल्या.

त्यांनी मला जे समजावून दिले ते असे. विषाणू शरीरात शिरला म्हणजे शरीर त्याच्या निरनिराळ्या भागांविरुद्ध निरनिराळी प्रतिपिंडे तयार करते. करोनाच्या विषाणूच्या अंगावर काट्यांसारखे उभे राहिलेले एक प्रथिन असते. त्याला स्पाइक म्हणतात, आणि त्याच्याच आधाराने विषाणू आपल्या पेशीत प्रवेश करतो. आतल्या बाजूस विषाणूच्या जनुकीय धाग्याला गुंडाळून बसलेले दुसरे प्रथिन असते. त्याचे नाव न्यूक्लिओकॅप्सिड. काही चाचण्या पहिल्याविरुद्धची प्रतिपिंडे शोधतात, काही दुसऱ्याविरुद्धची. ही दोन्ही सारख्याच वेगाने ओसरत नाहीत. अनेक अभ्यासांत आतल्या प्रथिनाविरुद्धची आयजीजी जातीची प्रतिपिंडे अधिक लवकर उतरलेली दिसली.

दुसरा भेद मोजण्याच्या रीतीचा. एका रीतीत विषाणूचे प्रथिन पृष्ठभागावर बसवितात, रक्तातील प्रतिपिंडे त्याला चिकटू देतात आणि मग त्यांपैकी केवळ आयजीजी जातीची किती आहेत ते पाहतात. दुसऱ्या रीतीत प्रतिपिंडाला आपल्या दोन्ही हातांनी दोन प्रथिने एकाच वेळी धरून ठेवावी लागतात. मग ते कोणत्या का जातीचे असेना. ज्याची पकड सैल आहे ते निसटते, ज्याची घट्ट आहे ते मोजले जाते. आता निसर्गाची मौज अशी की, आजारानंतर काही महिन्यांत प्रतिपिंडांची संख्या घटत जाते, परंतु उरलेल्यांची पकड मात्र उत्तरोत्तर घट्ट होत जाते. म्हणून पहिल्या रीतीने मोजले तर आकडा उतरताना दिसतो, आणि दुसऱ्या रीतीने मोजले तर तो टिकून राहतो, क्वचित वाढतोही. रक्त मात्र एकाच माणसाचे असते.

तिसरी गोष्ट रेषेची. परीक्षेत पस्तीस गुणांना उत्तीर्ण म्हणतात. चौतीस मिळविणाऱ्या मुलाला काहीच येत नाही असे कोणी म्हणणार नाही, तरी प्रगतिपुस्तकावर 'अनुत्तीर्ण' हाच शब्द पडतो. प्रत्येक चाचणीची अशी एक रेषा ठरविलेली असते. रेषेच्या किंचित खाली गेलेल्याला 'नाहीत' असा शेरा मिळतो. ज्यांचा आजार सौम्य होता त्यांची प्रतिपिंडे मुळातच कमी, त्यामुळे ते लवकर रेषेखाली जातात. माझे तेच झाले होते.

हे सारे ऐकल्यावर मला आमच्या अंगणातील विहीर आठवली. वैशाखात पाणी खाली जाते. दोर आखूड असला की घागर कोरडीच वर येते आणि पोरे ओरडतात, विहीर आटली! पाणी असते, दोर पोहोचत नाही.

ही केवळ माझ्या एकट्याची गोष्ट असती तर ती लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु त्याच वर्षी मोठमोठे देशही याच कोड्यात पडले होते. इंग्लंडमध्ये जून ते सप्टेंबर २०२० या काळात साडेतीन लाखांहून अधिक प्रौढांनी घरच्या घरी बोट टोचून करावयाच्या चाचणीने आपले रक्त तपासले. प्रतिपिंडे असलेल्यांचे प्रमाण त्या काळात शेकडा ६.० वरून ४.४ वर आले आणि प्रतिकारशक्ती झपाट्याने ओसरते, अशी वार्ता जगभर पसरली. त्याच सुमारास आइसलँडमधील संशोधकांनी सर्व जातींची प्रतिपिंडे एकत्र पकडणाऱ्या दोन चाचण्या वापरल्या. आजारातून उठलेल्या १,२१५ जणांपैकी १,१०७ जणांत त्यांना प्रतिपिंडे आढळली, आणि निदानानंतर चार महिन्यांपर्यंत ती उतरली नव्हती. दोन्ही देशांत विषाणू तोच, माणसेही तशीच. दोर मात्र निराळे होते.

आपल्या जवळची मुंबई घ्या. जुलै २०२० मध्ये तेथील तीन विभागांतील झोपडवस्त्यांत सुमारे ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. ऑगस्टमधील दुसऱ्या फेरीत तोच आकडा सुमारे ४५ वर आला. दोन्ही वेळी तपासलेली माणसे निराळी होती, हे त्याचे एक कारण असू शकेल. तथापि वापरलेली चाचणी आतल्या प्रथिनाविरुद्धची आयजीजी प्रतिपिंडे शोधणारी होती, हेही विसरता येत नाही.

या प्रश्नाचा विशेष कसून शोध सॅन फ्रान्सिस्को येथे घेतला गेला. १२८ जणांचे रक्त १६० दिवसांच्या काळात १४ निरनिराळ्या चाचण्यांनी तपासले गेले. ती हकीकत २०२१ साली प्रसिद्ध झाली. आजार सौम्य असलेल्यांत सहा महिन्यांनी कोणती चाचणी किती जणांना ओळखू शकते हे पाहिले, तेव्हा बाजारात मिळणाऱ्या चाचण्यांत हे प्रमाण शेकडा ३३ पासून ९८ पर्यंत आढळले. एका चाचणीने तिघांतील दोघांना 'तुम्हांला हा आजार झालाच नव्हता' असे सांगावे, आणि दुसरीने जवळजवळ सर्वांना ओळखावे, इतके हे अंतर आहे.

माझ्या खणातील दुसरी चिठ्ठी वाचून प्रथम मला राग आला. त्या कागदाने मला फसविले, त्याच्यामुळे मी आजीच्या दाराशी गेलो नाही, असे मी स्नेह्यांना बोलून दाखविले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "फादर, समजा पहिल्याच वेळी ही दुसरी चिठ्ठी मिळाली असती, तरी तुम्ही निर्भय झाला असता हेही योग्य नव्हते."

त्यांचे म्हणणे खरे होते. त्या एप्रिलमध्ये एकदा आजारी पडून गेलेल्यांनाही पुन्हा बाधा होत होती. प्रतिपिंडे सापडणे म्हणजे अभय नव्हे, आणि न सापडणे म्हणजे शरीर निःशस्त्र झाले असेही नव्हे. कारण आजाराची आठवण ठेवणाऱ्या पेशी निराळ्या असतात आणि या चाचण्यांत त्या मोजल्याच जात नाहीत. म्हणूनच मे २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने असे सुचविले होते की, आपले संरक्षण किती आहे हे ठरविण्यासाठी प्रतिपिंडांच्या चाचणीचा उपयोग करू नये. तिने पूर्वी बाधा झाली होती काय, याचा माग काढावा. आणि तोही चाचणी कोणती हे ध्यानात ठेवून.

अर्थात कागदाने मला फसविले नव्हते. त्याला जे सांगता येत नव्हते ते मी त्याच्याकडून वदवून घेतले होते. जाण्याचे भय मला आधीच वाटत होते. कागद केवळ हाताशी सापडला. मुखपट्टी बांधून, अंगणात चार हात दूर उभे राहून आजीला दिसता आले असते. तिच्या मुलाने तेवढेच मागितले होते. त्यासाठी कोणत्याही चाचणीची गरज नव्हती.

वाचकहो, करोनाची ती भीती आता राहिली नाही, परंतु रक्ताच्या चिठ्ठ्या घरोघर येतच राहतील. मागे आमच्याच गावातील एका बाईंनी कोविशील्डचे दोन डोस घेतल्यानंतर प्रतिपिंडे तपासली व 'नाहीत' असे उत्तर येताच लस फुकट गेली म्हणून रडू लागल्या. त्यांची चाचणी आतल्या प्रथिनाविरुद्धची होती. ती लस तर शरीराला केवळ स्पाइकचीच ओळख करून देते! तेव्हा अशी चिठ्ठी हाती आली तर डॉक्टरांना चार गोष्टी अवश्य विचाराव्यात. विषाणूच्या कोणत्या भागाविरुद्धची प्रतिपिंडे शोधली? मोजण्याची रीत कोणती? आजारानंतर किती महिने झाले आहेत? आणि आकडा रेषेच्या किती वर अथवा किती खाली आहे? 'आहे' किंवा 'नाही' एवढ्याच उत्तरावर समाधान मानू नये.

आजीच्या मुलाने मला कधी दोष दिला नाही. पहिल्या वर्षश्राद्धाच्या मिस्सेनंतर तो मला घरी घेऊन गेला. ओसरीवर एक खुर्ची मांडलेली होती. "त्या दोन दिवसांत आईने ही इथेच ठेवायला लावली होती," तो म्हणाला, "फादर आले तर बसतील म्हणून." मी त्या दिवशी तिच्यावर बसलो. त्या दोन चिठ्ठ्या मी अजून फाडलेल्या नाहीत.