सुगंध आणि कातडी

कातडीला लावण्याच्या कोणत्याही मलमाची डबी हातीं आली कीं मनुष्य प्रथम ती नाकाशीं नेतो. डोळ्यांनीं त्यानें रंग पाहिलेला असतो, बोटानें मऊपणाही अजमावलेला असतो. परंतु अखेरचा कौल नाकाचाच. वास मनास आला म्हणजे वस्तु चांगली, असा निवाडा आपल्या नकळत होऊन जातो. थोडा विचार केला तर हा न्याय विचित्र आहे हें कोणासही पटेल. कातडी मऊ राहते ती तेलानें, मेणानें व पाण्यानें. सुगंधाचा त्या कामांत लवमात्र वाटा नाहीं. तो तेथें येतो तो दोन हेतूंनीं : एक, कच्च्या मालाचा उग्र दर्प झांकण्यासाठीं, आणि दुसरा, गिऱ्हाइकाचें मन वळविण्यासाठीं. चैन नाकाची आणि भार कातडीवर, असा हा व्यवहार आहे. हा भार केवढा, आणि 'नैसर्गिक' या नांवाखालीं जें विकलें जातें त्यानें तो खरोखर हलका होतो काय, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

कृत्रिम सुगंधाचा इतिहास फार जुना नाहीं. १८६८ सालीं विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानें प्रयोगशाळेंत कूमारिन सिद्ध केलें. वाळलेल्या गवताला जो गोडसर वास येतो तो याच द्रव्याचा. १८७४ सालीं जर्मनींत टीमान व हारमान यांनीं व्हॅनिलिन तयार केलें. १८८२ सालीं पॅरिसच्या हूबिगां या पेढीनें कूमारिन घातलेलें 'फूजेर रॉयाल' हें अत्तर बाजारांत आणलें, आणि फुलावांचून वास निर्माण करण्याच्या धंद्याला प्रतिष्ठा आली. १८८८ सालीं आल्बर्ट बाउर हा रसायनज्ञ स्फोटक द्रव्यांचा शोध करीत असतां त्याच्या हातीं अकस्मात् कस्तुरीचा वास लागला. कस्तुरीमृगाच्या दृष्टीनें हा शोध उपकारक म्हणावा लागेल. परंतु सुरुंगाच्या दारूचें भावंड त्या दिवसापासून माणसाच्या कातडीवर येऊन बसलें.

या भावंडांचे गुण पुढें हळूहळू उघडकीस आले. मस्क अँब्रेट नांवाच्या द्रव्यानें उंदरांच्या मज्जातंतूंस इजा होते, आणि माणसांत तें लावून उन्हांत गेल्यास पुरळ उठतें, असें दिसून आल्यावर युरोपांत १९९५ सालीं तें प्रसाधनांतून वर्ज्य झालें. मस्क झायलीन हें माणसाच्या चरबींत सांठतें व मातेच्या दुधांतही उतरतें, असें १९९० नंतरच्या तपासण्यांत आढळलें. २०११ सालीं युरोपनें त्याच्यावर कडक निर्बंध घातला. लिलियाल या मंद वासाच्या द्रव्याचा जननशक्तीवर अनिष्ट परिणाम होतो असें प्राण्यांवरील प्रयोगांवरून ठरून २०२२ च्या मार्चपासून तें तेथें बंद झालें. थॅलेट वर्गांतील द्रव्यांपैकीं डायब्युटिल थॅलेट युरोपनें वर्ज्य ठरविलें. वास टिकवून धरण्यासाठीं वापरतात तें डायएथिल थॅलेट मात्र अद्यापि चालू आहे. या यादीवरून सर्वच कृत्रिम सुगंध विषारी आहेत असें कोणी अनुमान काढील तर तें चूक होईल. तिच्यावरून सिद्ध होतें तें इतकेंच कीं, यांपैकीं प्रत्येक द्रव्य कित्येक वर्षें लक्षावधि लोकांच्या अंगाला लागल्यानंतर त्याची चौकशी झाली.

चौकशीला हा विलंब कां लागावा? त्याचें एक कारण डबीच्या पाठीवरच छापलेलें असतें. तेल, मेण, टिकाऊपणाचीं द्रव्यें या सर्वांचीं नांवें तेथें असतात. सुगंधाच्या जागीं मात्र 'परफ्यूम' किंवा 'फ्रेग्रन्स' एवढा एकच शब्द. त्या एका शब्दाच्या पोटांत कधीं दहावीस तर कधीं शंभरांवर द्रव्यें असूं शकतात. अत्तरकाराची कृति हें त्याचें धन, तें उघडें पडूं नये, या समजुतीनें अमेरिकेच्या १९६६ च्या वेष्टनविषयक कायद्यानें ही सवलत मान्य केली. आपल्याकडे १९४० चा औषधें व प्रसाधनें यांविषयींचा कायदा आहे, २०२० ची प्रसाधनांची नियमावली आहे. पण व्यवहारांत तोच एक शब्द येथेंही खपून जातो. युरोपनें २००३ सालीं मध्यम मार्ग काढला. कृति गुप्त राहूं द्या, पण ज्यांमुळें ॲलर्जी होते अशीं सव्वीस द्रव्यें ठराविक प्रमाणाहून अधिक असल्यास त्यांचीं नांवें छापा, असा तो नियम. अंगावर राहणाऱ्या मलमांत हें प्रमाण शेंकडा ०.००१ आणि धुवून टाकावयाच्या साबणांत शेंकडा ०.०१ इतकें आहे. २०२३ सालीं ही यादी सुमारें ऐंशींपर्यंत वाढविण्यांत आली. अमेरिकेच्या २०२२ च्या कायद्यानेंही अशीं नांवें जाहीर करविण्याची दिशा धरली आहे.

येथवर वाचून कोणीही सुज्ञ मनुष्य म्हणेल कीं, मग कृत्रिम सोडावें आणि निसर्गाकडे वळावें, यांत अवघड तें काय? आमच्या पुतणीनें हेंच केलें. ती एका शाळेंत शिकविते. वय पस्तिशीच्या आंतलें. सुगंधी मलमानें गालांना खाज सुटते असें दिसतांच तिनें तें टाकलें, आणि 'शुद्ध वनस्पतिजन्य, रसायनविरहित' असें ठळक अक्षरांत छापलेलें दुप्पट किंमतीचें दुसरें मलम आणलें. खाज गेली नाहींच. उलट दोन महिन्यांत गालांवर व कपाळावर राखाडी-तपकिरी छटा चढूं लागली. आपल्या समाजांत बाईच्या चेहऱ्यावरचा डाग ही तिची खाजगी बाब राहत नाहीं. हळदीकुंकवाला भेटणारी प्रत्येक बाई एक उपाय सांगून जाई. कोणी लिंबू, कोणी बेसन, तर कोणी रक्तच बिघडलें असल्याचें निदान करून मोकळी होई. पुढें पुढें ती समारंभांस जाईनाशी झाली. वर्गांत फळ्याकडे तोंड करून आपण उगीचच अधिक वेळ लिहीत राहतों, असें तिनें एकदां आम्हांस सांगितलें, तेव्हां आमच्यानें कांहीं बोलवलें नाहीं.

शेवटीं एका त्वचारोगतज्ज्ञानें तिच्या पाठीवर निरनिराळ्या द्रव्यांच्या पट्ट्या चिकटविल्या, दोन दिवसांनीं काढल्या आणि चौथ्या दिवशीं पाठ पुन्हां तपासली. सुगंधमिश्रणाच्या जागीं लाल, उंच चट्टा उठलेला होता. नव्या डबीवर बारीक अक्षरांत पाहतां जिरेनियमचें तेल, लव्हेंडरचें तेल, आणि त्यांपुढें जिरॅनिऑल व लिनालूल अशीं नांवें निघालीं. तिनें उत्पादकांस पत्र घातलें. आमचा माल संपूर्ण नैसर्गिक असल्यामुळें त्यापासून अपाय संभवत नाहीं, असें त्याचें उत्तर आलें. त्या वाक्यांतील 'असल्यामुळें' हा शब्द आम्हांस फार दिवस सलत राहिला. नैसर्गिक असणें आणि अपाय नसणें यांत कार्यकारणसंबंध तो कोणता?

शास्त्राकडे पाहिलें तर तो मुळींच दिसत नाहीं. सुगंधाची ॲलर्जी ओळखण्यासाठीं जें मिश्रण वैद्य वापरतात तें १९७७ सालीं लार्सन यांनीं सुचविलें. त्यांत आठ द्रव्यें आहेत. त्यांपैकीं दालचिनींतील सिनॅमाल, लवंगेंतील युजेनॉल, गुलाबांतील जिरॅनिऑल, ओकवृक्षावरील दगडफुलासारख्या वनस्पतीचा अर्क, अशीं सहा वनस्पतींत सांपडणारीं. रसायनशाळेंतून येणारीं अवघीं दोन. कातडीला द्रव्य कळतें, त्याचें कुलगोत्र कळत नाहीं. गुलाबांतून काढलेलें जिरॅनिऑल आणि कारखान्यांत घडविलेलें जिरॅनिऑल यांत तिला भेद करतां येत नाहीं.

कित्येकदां तर निसर्गाचें पारडें जड ठरतें. लव्हेंडरांत व आपल्या धण्यांत असणारें लिनालूल ताजें असतां बरेंच सौम्य. पण बाटली उघडून हवा लागत राहिली कीं त्याचें प्राणवायूशीं संयोग होऊन जीं नवीं द्रव्यें बनतात तीं ॲलर्जी उत्पन्न करण्यांत तरबेज असतात. लिंबू-संत्र्यांच्या सालींतील लिमोनीनची गोष्टही तीच. बर्गमॉट या ईडलिंबाच्या जातीच्या फळाचें तेल घातलेलें कोलनवॉटर मानेला लावून उन्हांत फिरणाऱ्यांच्या कातडीवर ओघळांच्या आकाराचे काळे पट्टे उठतात, हें १९१६ सालींच नोंदलें गेलें होतें. आमची बावची त्याच कुळांतली. सोरालेन हें नांवच मुळीं बावचीच्या शास्त्रीय नांवावरून पडलें. कोडावर ती उपयोगी पडते तीही उन्हाशीं असलेल्या याच नात्यामुळें, आणि कांहीं घरगुती उटण्यांत ती सर्रास पडते. १९७० नंतरच्या दशकांत जपानांत पुष्कळ स्त्रियांच्या चेहऱ्यांवर काळपट डाग पडूं लागले. नाकायामा प्रभृति वैद्यांनीं शोध केला तेव्हां कांहीं रंगांबरोबर जाईचा अर्क व यलँग-यलँगचें तेल यांवर ठपका आला. ती द्रव्यें वगळलेलीं प्रसाधनें दिल्यावर डाग क्रमाक्रमानें निवळले. सांवळ्या-गव्हाळ कातडीवर दाह ओसरल्यावरही रंग मागें रेंगाळतो, म्हणून आपणांस या जपानी अनुभवाचें महत्त्व अधिक. आमच्या पुतणीचे डाग जाण्यास दीड वर्ष लागलें. ॲलर्जी मात्र गेली नाहीं, कारण एकदां जडलेली ही संवेदना बहुधा जन्मभर सोबत करते.

तथापि भीतीचा बाजार मांडणें हेंही आमच्या मतें पापच. युरोपीय शास्त्रीय समितीच्या २०१२ च्या अंदाजानें अशी ॲलर्जी सर्वसाधारण लोकांत शेंकडा एक ते तिघांस असते. बाकीच्यांनीं आपल्या आवडीचा साबण नदींत फेंकण्याचें कारण नाहीं. परंतु हें एक-तीन कोण, हें आधीं कोणास ठाऊक नसतें. आणि लक्षणें लावल्यानंतर एक-दोन दिवसांनीं उमटत असल्यामुळें खरा अपराधी सहसा हातीं लागत नाहीं.

येथें आपल्या पूर्वजांच्या रीतीची आठवण होते. सुगंधाच्या बाबतींत ते विरक्त होते असें मुळींच नव्हे. सहाव्या शतकांत वराहमिहिरानें बृहत्संहितेंत 'गंधयुक्ति' नांवाचें प्रकरण लिहिलें, आणि सोळा द्रव्यांतून चार चार घेतल्यास १८२० मिश्रणें होतात असें गणित त्यांत मांडलें. पुण्याच्या भांडारकर संस्थेंतील परशुराम कृष्ण गोडे यांनीं १९४० नंतर 'गंधसार' व मराठी टीकेसह असलेला 'गंधवाद' हे ग्रंथ उजेडांत आणले. इतका हौशी हा समाज. पण त्याचा सुगंध प्रसंगाचा असे. मंगलकार्यांत अत्तरदाणींतून मनगटावर एक बोट, कानांत फाया, केसांत गजरा, माठांत वाळ्याची जुडी, देवाच्या गंधासाठीं सहाणेवर उगाळलेलें चंदन. आणि उटणें दिवाळींत चार दिवस, तेंही लावून लागलीच धुवून टाकावयाचें. त्यांचीं द्रव्यें निर्दोष होतीं असें आम्ही म्हणत नाहीं. चंदनाचें तेलही जपानी वैद्यांच्या यादींत आहे. पण मात्रा अल्प, संसर्ग थोडा आणि जागा बहुधा कातडीबाहेरची. आज सकाळच्या साबणापासून रात्रींच्या मलमापर्यंत, शिवाय कपड्यांच्या व भांड्यांच्या भुकटींतून, तोच वास अष्टौप्रहर अंगाला चिकटून असतो. कनोजच्या अत्तरांतही पूर्वीं फुलांचा वास चंदनतेलांत उतरवीत. चंदन महागल्यावर पुष्कळ ठिकाणीं त्याची जागा पॅराफिनच्या पातळ तेलानें घेतली. म्हणजे 'परंपरागत' या शब्दाचीही आतां चौकशी केल्यावांचून गत्यंतर नाहीं.

मग कृत्रिमाला पर्याय कोणता? कातडीपुरतें बोलावयाचें तर बिनवासाची वस्तु हाच खरा पर्याय. साधें खोबरेल बहुतेकांस मानवतें. आणि निसर्गभक्तांस रुचणार नाहीं, पण खनिज तेलापासून शुद्ध केलेलें साधें व्हॅसलीन इतकें निरुपद्रवी आहे कीं ॲलर्जीच्या परीक्षेंतील बहुतेक द्रव्यें त्यांतच कालवून पाठीवर लावितात. डबी घेतांना 'अनसेंटेड' या शब्दानें फसूं नये. वास झांकणारा दुसरा वास तींत असूं शकतो. 'फ्रेग्रन्स-फ्री' हा शब्द पाहावा, आणि तोही घटकांच्या यादीशीं ताडून. नवें मलम आठवडाभर कोपराच्या लवणींत लावून पाहावें. जुनें झालेलें सुगंधी तेल अंगाला लावूं नये. लिंबूवर्गीय तेल लावून उन्हांत जाऊं नये. तान्ह्या मुलाच्या अंगाला तर सुगंधाची मुळींच गरज नाहीं. ज्यांस वासाची हौस आहे त्यांनीं तो कपड्याच्या पदराला, उशाशीं ठेवलेल्या फुलांना, खोलींतल्या वाळ्याच्या पडद्याला द्यावा. आमची पुतणी अलीकडे मोगऱ्याचीं फुलें टेबलावरच्या वाटींत ठेविते, आणि त्यांत तिचें कांहीं उणें पडलें आहे असें दिसत नाहीं.

उत्पादकांकडे आमची मागणी याहून साधी आहे. 'नैसर्गिक' हा शब्द ज्या आकाराच्या अक्षरांत डबीच्या तोंडावर छापतां, त्याच आकाराच्या अक्षरांत सुगंधांतील द्रव्यांचीं नांवें पाठीवर छापा. मग वापरणें न वापरणें जो तो आपापल्या कातडीला विचारून ठरवील.