दर्शनसंख्येचा मोह

सूनबाईंनी मातोश्रींच्या पुरणपोळीची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत यूट्यूबवर ठेविली, आणि आमचे सारे घर आकडा न्याहाळू लागले. वस्तुतः अशी चित्रफीत प्रथम थोड्याच प्रेक्षकांपुढे येते. त्यांनी थांबून पाहिली तर पुढे अधिकांस दाखविली जाते, बोटाने सारून दिली तर तिचा प्रसार मंदावतो. शिवाय ३१ मार्च २०२५ पासून तेथील 'शॉर्ट्स' नुसती सुरू झाली, वा पुन्हा फिरली, तरी एक दर्शन धरिले जाते. ती किती वेळ पाहिली, याचा हिशेब त्यात नाही. तेव्हा हजार दर्शने म्हणजे हजार रसिक नव्हेत. आकडा अडला म्हणून मातोश्रींचे मुख म्लान व्हावे, हे आम्हांस मुळीच रुचत नाही. ज्या हातांची चव घराने ५० वर्षे चाखिली, त्यांस अनोळखी बोटांचा कौल कशास हवा?