सातूच्या मुलखांतून

युटलंड, डेन्मार्क
जून

ती. दादास सा. न.

इथे नजर जाईल तिथवर सातू आहे, ओंब्या नुकत्याच निसवल्या आहेत. पीक लहान असतानाच त्यावरून लवचिक दातांचा कुळव फिरवतात. तण उपटतं, सातू तग धरतो. उभ्या सातूतच क्लोव्हर पेरतात. कापणीनंतर तो जमीन झाकतो आणि पुढच्या पिकासाठी नत्र साठवतो.

सेंद्रिय दुधाच्या गाईला खुराकही सेंद्रियच लागतो, त्यामुळे बराचसा सातू दावणीलाच जातो. शिवाय १९८७ च्या कायद्याने सरकारने सेंद्रियकडे वळणाऱ्यांना अनुदान दिलं. युरोपात पेरणीआधी जमीन निदान दोन वर्षं सेंद्रिय पद्धतीने कसावी लागते. त्या काळात उत्पन्न घटतं आणि पूर्ण सेंद्रियचा भावही मिळत नाही. शेतकरी मोडतो तो तिथेच.

नॉयमार्क्ट, बव्हेरिया
जुलैअखेर

दादा, रासायनिक खत सोडल्यावर उतारा घटतो का, असं तू विचारलंस. घटतो. पण बिअरच्या सातूत प्रथिनं साधारण साडेअकरा टक्क्यांच्या वर गेली की माल्टवाले नाक मुरडतात, आणि नत्राचा मारा केला की प्रथिनं वाढतात. म्हणून फेरपालटीत क्लोव्हरनंतरचा कस आधी गहू घेतो आणि उरलेल्यावर सातू येतो. बियाण्याला रासायनिक बुरशीनाशक चालत नाही, त्यामुळे काणी रोगावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं.

इथली लाम्सब्रॉय ही जुनी ब्रुअरी १९८० च्या दशकात सेंद्रियकडे वळली. आसपासच्या शेतकऱ्यांच्या संघाशी तिने करार केले, माल्टही ती स्वतःच करते. माल कुठे जाणार हे पेरतानाच ठाऊक असलं की माणूस कमी उताऱ्यालाही घाबरत नाही.

लेह
सप्टेंबर

दादा, साडेतीन हजार मीटरवर सातूची कापणी चालू आहे. बर्फाचं पाणी चुरपोन, म्हणजे गावचा पाणीवाटप्या, पाळीपाळीने वाटून देतो, खत घरच्या कोरड्या संडासातलं आणि गोठ्यातलं. भाजलेल्या सातूचं पीठ, ङम्फे, मला फार आवडलं. पण रेशनचा तांदूळ घरोघर पोचला तसा ताटातला सातू कमी झाला. पिढ्यान्‌पिढ्यांची ही शेती टिकायची तर आधी खाणारा टिकायला हवा.

म्हणून तुमच्या शेतकरी गटाला माझं कळकळीचं सांगणं आहे. ज्वारी सेंद्रिय करा, जरूर करा. पण पहिल्या हंगामाआधी घेणारा गाठा, भाव लेखी ठरवा आणि दोन वर्षांची तूट सगळ्यांनी मिळून वाटून घ्या. एकट्याच्या हिमतीवर कुणाला त्यात लोटू नका.

वहिनींना नमस्कार.

तुझी धाकटी बहीण