दंत्य

दंत्य व्यंजनांचा तास घेताना आम्ही दोघे वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना एक साधा प्रयोग करायला लावत आलो : जिभेचे टोक कोठे टेकते ते पाहत 'त, थ, द, ध, न' म्हणा. वर्गात खसखस पिकते आणि व्याख्या कायमची लक्षात राहते. तीन वर्षांपूर्वी आमच्या विभागातील एका सहअध्यापिकेच्या स्कूटरला टेम्पोची धडक बसली. वरचे पुढचे चार दात गेले, खालचा जबडा मोडला. तेव्हापासून तो प्रयोग आमच्या हातून पूर्वीच्या सहजतेने होत नाही.

बाई तासिका तत्त्वावर शिकवतात. बोलणे थांबले की मानधनही थांबते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे अर्ज करायचा तर इजेचे माप हवे. वकिलांनी 'टक्केवारीचा दाखला' आणायला सांगितले. फौजदारी कायद्याच्या लेखी एक दात मोडला तरी ती 'जबर दुखापत' : पूर्वी दंड संहितेचे कलम ३२०, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचे कलम ११६. मात्र २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत दातांचा उल्लेखही नाही. म्हणजे दात तोच. एका कायद्यात त्याला वजन आहे, दुसऱ्यात नावदेखील नाही. उरले ते उपचार करणारे दंतवैद्य. आम्ही बाईंसोबत त्यांच्याकडे गेलो.

अपघाताची इजा मोजायला दंतवैद्याला वेगळा परवाना लागत असावा, असा आमचा समज होता. तसा तो लागत नाही. पदवी, एक वर्षाची आंतरवासिता आणि राज्याच्या नोंदपुस्तकात नाव, एवढ्यावर तो दंतवैद्य होतो. एखाद्या विद्येत विशेष निपुण असलेल्याचे मत न्यायालयाने विचारात घ्यावे, या नियमाने (पूर्वी पुरावा कायद्याचे कलम ४५, आता साक्ष्य अधिनियमाचे कलम ३९) तो तज्ज्ञ म्हणून उभा राहतो. त्या तज्ज्ञतेची परीक्षा उलटतपासणीत होते.

डॉक्टरांनी अपघातापूर्वीचे उपचारांचे कागद मागितले. आधीच किडलेला दात टेम्पोच्या नावे मांडता येत नाही. जबड्याची क्ष-किरण प्रतिमा पाहिली, तोंड किती मिलिमीटर उघडते ते मोजले, कृत्रिम दातांनी काय भरून निघेल आणि काय नाही ते लिहिले. आकडा आम्हांला अगदीच किरकोळ वाटला. येथे आमच्या हातून जे घडले ते सांगणे भाग आहे. बाई बाहेर गेल्यावर आम्ही हळूच म्हणालो, "डॉक्टर, थोडा वाढवून लिहिता येईल का?"

ते रागावले नाहीत. म्हणाले, "सर, दातांचे मी सांगेन. तासांचे तुम्ही सांगा."

त्या वाक्याचा कायदेशीर अर्थ वकिलांनी नंतर उलगडला. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले आहे की, कायम अपंगत्व किती, एवढेच वैद्याने सांगावे; त्यामुळे कमाईची क्षमता किती घटली, हे न्यायाधिकरणाने त्या माणसाचा व्यवसाय पाहून ठरवावे. उपचार न करताच तयार दाखले देणाऱ्या डॉक्टरांविषयी सावध राहण्याची सूचनाही त्याच निकालात आहे. शरीराची टक्केवारी आणि जगण्याची टक्केवारी एक नव्हे. आम्ही मात्र पहिलीत भेसळ करून दुसरी वाढवू पाहत होतो.

उत्तरपत्रिकेत कोणी अर्धा गुण वाढवून मागितला तर आम्ही केवढे तत्त्वनिष्ठ होतो, हे त्या दिवशी आठवले. 'नेट-सेट'च्या दाखल्याने आम्हांला शिकवण्याची पात्रता मिळाली. आपल्या अधिकाराची सीमा कोठे संपते, हे मात्र आम्ही एका दंतवैद्याकडून शिकलो.

पुढे आम्ही साक्ष दिली. अपघाताआधीची आणि नंतरची वेळापत्रके जोडली. सलग दोन तास बोलल्यावर जबडा आखडतो म्हणून बाईंचे आठवड्याचे तास कसे घटले, ते दाखवले. त्यात एकही तास वाढवून सांगितला नाही. निकाल अजून लागायचा आहे.

बाई कृत्रिम दात बसवून वर्गावर परतल्या आहेत. 'स' म्हणताना किंचित शीळ येते. गेल्या महिन्यात वर्णविचाराचा तास त्यांनी स्वतःहून मागून घेतला. आम्ही व्हरांड्यात थांबलो होतो. आतून 'त, थ, द, ध, न' ऐकू आले, मागोमाग मुलांचे हसणे, आणि त्यात बाईंचेही.