खुर्ज्याची जास्वंद

गावच्या आठवड्याच्या बाजारात चिनी मातीच्या भांड्यांची पथारी मांडलेली असते. तीत तांबड्या जास्वंदीचे छायाचित्र असलेला चहाचा मग पुष्कळदा दृष्टीस पडतो. फूल इतके हुबेहूब, की लहान मुलाने त्याचा पिवळा तुरा चिमटीत धरू पाहावा! असे मग जेथे मोठ्या प्रमाणावर घडतात, त्या खुर्जा शहराची ओळख वाचकांना करून द्यावी, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

दिल्लीहून अलीगढकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, उत्तर प्रदेशाच्या बुलंदशहर जिल्ह्यात खुर्जा वसले आहे. तेथे विटांची उंच धुराडी आपले लक्ष वेधून घेतात. ती कोळशावर चालणाऱ्या जुन्या भट्ट्यांची होत. आता गॅसच्या भट्ट्या आल्या आहेत. धुराडी मात्र मागच्या पिढीची साक्ष देत उभी आहेत. कुंभारकाम येथे पूर्वीपासूनचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, तत्कालीन संयुक्त प्रांताच्या सरकारने येथे भांड्यांचा कारखाना काढला आणि पुढे हा धंदा फोफावला.

नवल असे, की मगाची पांढरी माती खुर्ज्याची नव्हेच. आपला कुंभार गावच्या तळ्याकाठची माती कालवतो. येथे माती, गारेची पूड आणि फेल्डस्पार हे सारे राजस्थान, गुजरात अशा दूरच्या प्रांतांतून आणावे लागते. खुर्ज्याचे स्वतःचे म्हणावे असे भांडवल एकच, ते म्हणजे माणसांचे हात.

त्या हातांचे काम पाहण्यासारखे आहे. प्लास्टरच्या साच्यात मगाचा घाट उतरतो. कान निराळा करून पातळ मातीच्या चिकलाने अंगठ्याने दाबून बसवितात. मग झिलई चढते आणि सुमारे १२०० अंशांच्या आंचेत भांडे काचेसारखे टणक होते. जास्वंदीची पाळी येते ती यानंतर. कारण इतक्या प्रखर आंचेत बहुतेक तांबडे रंग उडून जातात. म्हणून छापील चित्राचा पातळ पापुद्रा पाण्यात भिजवून तयार मगावर सरकवितात. एक बाई रबराच्या पट्टीने तो हलकेच निपटीत होती. आत हवेचा एक बुडबुडा राहिला, तरी भट्टीत फूल फाटते, असे तिने मला दाखवून दिले. मग सुमारे ८०० अंशांवर पुन्हा एकवार भाजले, की चित्र झिलईशी एकजीव होते. झाडावरची जास्वंद बहुधा एका दिवसात मिटते. मगावरची वर्षानुवर्षे फुललेली राहते.

परंतु त्या फुलाला आणखी एक किंमत पडते, ती बाजारात दिसत नाही. वाळलेल्या मातीची आणि गारेची बारीक धूळ हवेत तरंगते. त्या धुळीतील सिलिका वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेली, तर फुप्फुसांत व्रण धरतात आणि दम लागू लागतो. या रोगास सिलिकोसिस म्हणतात. झालेले नुकसान औषधाने भरून येत नाही. रोग टाळणे मात्र माणसाच्या हाती आहे. कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने जमीन पुसावी, धूळ ओढून घेणारी यंत्रे बसवावीत, योग्य मुखपट्टी द्यावी. यांत अवघड काही नाही; खर्च मात्र आहे. आणि मालाला भाव मिळाला नाही, की पहिली कात्री अशाच खर्चाला लागते.

म्हणून वाचकहो, मगासाठी पाचदहा रुपयांची घासाघीस करताना क्षणभर थांबावे. आपण न दिलेले पैसे कोणी आपल्या श्वासाने तर भरीत नाही ना, हा प्रश्न मनाला विचारावा. गरिबाच्या संसारात काटकसर हवीच. पण मजुराची रास्त मजुरी ही काही उधळपट्टी नव्हे. आपण सकाळी मगाचा कान धरतो, तो कोणाच्या तरी अंगठ्याने तेथे बसविलेला असतो, एवढी आठवण प्रत्येक घरात राहावी.