ऐकण्याचे शिक्षण

इंग्रजी साहित्य घेऊन बी. ए. करावयाचे आहे, असे घरातील मुलाने वा मुलीने सांगितले की आपल्या मराठी घरांत दोन प्रश्न हमखास उपस्थित होतात. पहिला, ‘त्याने नोकरी लागेल काय?’ आणि दुसरा, ‘आधीच घराबाहेरचा सारा व्यवहार हिंदीत, त्यात ही इंग्रजी काव्यनाटके शिरली की मराठीचे काय उरणार?’ शासकीय शाळेत मुख्याध्यापकी करीत असल्यामुळे आणि स्वतः मराठीचे एम. ए. असल्यामुळे हे दोन्ही प्रश्न आमच्यापुढे वारंवार येतात. पालकांची काळजी खोटी नव्हे. माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या माणसांना घरची भाषा जपणे किती कष्टाचे असते, ते आम्ही जाणतो. तथापि या दोन प्रश्नांच्या आधी एक तिसरा प्रश्न विचारावयास हवा: हा विषय शिकताना विद्यार्थी नेमके शिकतो तरी काय?

फाडफाड इंग्रजी बोलणे, असे पुष्कळांना वाटते. त्यासाठी निराळे वर्ग आहेत, आणि त्यांना शेक्सपिअरची गरज नाही. कवींची नावे, सनावळ्या आणि कथासार, असे इतर काहींना वाटते. ते सारे कुंजीत छापलेले असते. आता तर मोबाइलला विचारले की सारांश क्षणात हजर होतो. परंतु सारांश हाती आला म्हणजे कविता हाती आली, असे होत नाही. कसे, ते एका उदाहरणाने सांगतो.

रॉबर्ट ब्राउनिंग या कवीची ‘माय लास्ट डचेस’ ही अवघ्या ५६ ओळींची कविता १८४२ साली प्रसिद्ध झाली. इटलीतील फेरारा येथील एक ड्यूक आलेल्या पाहुण्याला आपल्या दिवंगत पत्नीचे भिंतीवरील चित्र दाखवीत आहे. त्या चित्रावरचा पडदा त्याच्यावाचून कोणी सारीत नाही. पाहुणा हा एका काउंटचा दूत. त्या काउंटच्या मुलीशी ड्यूकचा विवाह व्हावयाचा आहे, हुंड्याचीही गोष्ट निघते. कवितेत आरंभापासून अखेरपर्यंत ड्यूक एकटाच बोलतो. आपली पत्नी साऱ्यांकडे पाहून सारखीच हसे. मावळता सूर्य, कोणी आणून दिलेली चेरीची फांदी आणि आपले नऊशे वर्षांचे घराणे यांत तिला भेदच कळत नसे, हे त्याचे गाऱ्हाणे. मग त्याने आज्ञा दिल्या आणि सारे हसू थांबले. तो एवढेच सांगतो, आणि खाली जाता जाता आपल्या संग्रहातील ब्राँझची मूर्ती दाखवू लागतो.

आमच्या शेजारची एक मुलगी ही कविता घेऊन आमच्या ओसरीवर आली होती. तिने विषय बदलावा, असा तिच्या वडिलांचा तेव्हा आग्रह चालला होता. प्रथम वाचून ती म्हणाली, “काका, यात नवरा बायकोच्या चित्राची स्तुती करतोय.” कुंजीतही तसेच काहीसे होते. आम्ही म्हटले, “पुन्हा वाच, आणि कोण बोलतो आहे, कोणाशी, कशासाठी, ते पाहा.” तिसऱ्या वाचनाला ती मध्येच थांबली. ड्यूकने जे सांगितले नव्हते, ते तिला त्याच्याच शब्दांतून ऐकू आले होते. ओळींना यमके आहेत, पण वाक्य ओळीच्या शेवटी थांबत नाही. त्यामुळे यमक कानाला फारसे लागत नाही, आणि सभ्य गप्पांच्या ओघात एक भयंकर गोष्ट सांगून होते, हेही मग तिचे तिनेच शोधले.

आपल्याकडे आनंदवर्धनाने नवव्या शतकात यालाच ध्वनी म्हटले होते. वाच्यार्थ एक असतो आणि प्रतीत होणारा अर्थ दुसराच असतो. मात्र ध्वनीची व्याख्या पाठ करणे वेगळे, आणि परक्या भाषेतील एकेका शब्दावर थांबत तो स्वतः ऐकणे वेगळे. भाषा परकी असल्याचा इथे लाभच होतो. मातृभाषेत आपण अर्थावरून घसरत पुढे जातो. परभाषेत पाऊल जपून टाकावे लागते.

पुढे दोन वर्षांनी त्या मुलीला एक स्थळ सांगून आले. घर खाऊनपिऊन सुखी, मुलगा नोकरीस. शेजारचे वडीलधारे म्हणून आम्हीही बैठकीस होतो. पोह्यांच्या बशा फिरत असताना मुलाचे वडील कौतुकाने म्हणाले, “आमची थोरली सून आली तेव्हा फार बोलकी होती हो. येणाऱ्याजाणाऱ्याशी हसायची. आम्ही वळण लावलं. आता घरात तिचा आवाज ऐकू येत नाही.” सर्वांनी माना डोलावल्या, मुलीच्या वडिलांनीही.

रात्री ती वडिलांना घेऊन आमच्याकडे आली. म्हणाली, “बाबा, थोरल्या सूनबाईंबद्दल ते काय बोलले, ते ऐकलंत ना? पण ते त्यांचं म्हणणं झालं. मला एकदा त्या वहिनींना भेटू द्या, मग तुम्ही म्हणाल तसं.” तसा निरोप गेला. आमच्या घराण्यात असली रीत नाही, असे उत्तर आले. वडील दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच नकार कळविला.

ती मंडळी वाईट होती, असे आम्ही म्हणणार नाही. थोरली सून सुखातही असेल. मुलीनेही तिच्या वतीने निकाल दिला नाही; जिचा आवाज बैठकीत नव्हता, तिचा आवाज आधी ऐकावा, एवढेच मागितले. साहित्याच्या चांगल्या विद्यार्थ्याला हे दोन्ही यावे लागते: बोलणाऱ्याच्या शब्दांमागचे ऐकणे, आणि न बोलणाऱ्याविषयी घाईने काही न ठरविणे. मुलीला मूळचीच समज होती, हे खरे. पण समजेलाही सराव लागतो, आणि तो तिला वर्गात मिळाला होता.

आता राहिले मराठीचे भय. १८३५ साली मेकॉलेने आपले टिपण लिहिले ते आपल्या भाषांच्या भल्यासाठी खचितच नव्हे. तरीही इंग्रजी साहित्य मन लावून वाचणाऱ्यांनी मराठीला भरभरून दिले. आगरकरांनी ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ रचले, केशवसुतांनी चौदा ओळींचे सुनीत मराठीत आणले, इंग्रजीचे प्राध्यापक असलेल्या विंदा करंदीकरांनी ‘राजा लिअर’ मराठीत आणला. आणि आपल्या मध्य भारताचे भास्कर रामचंद्र तांबे तर ब्राउनिंगचेच वाचक. १८७३ साली मुंगावलीस जन्मलेल्या आणि ग्वाल्हेरीस राजकवी झालेल्या या कवीची नाट्यगीते त्या वाचनाने समृद्ध झाली. हे कळल्यावर त्या मुलीने आमच्या कपाटातील तांब्यांच्या कवितेचे पुस्तक मागून नेले. घरी मराठी बोलणारी पण मराठी कविता कधी न वाचणारी ती मुलगी इंग्रजीच्या वाटेने तांब्यांच्या दारी आली.

नोकरीची हमी आम्ही देऊ शकत नाही. ती हल्ली कोणत्या विषयाने मिळते? एक मात्र पालकांना सुचवावेसे वाटते. मुलाने कविता वाचून पुस्तक मिटले की गुण किती पडतील, हे इतक्यात विचारू नका. यात कोण बोलतो आहे आणि कोण गप्प आहे, असे विचारा. त्याला सांगता येत नसेल, तर पुस्तक पुन्हा उघडा आणि शेजारी बसा.