खुणेचा रकाना

दिवाळीच्या आधीचे आठ-दहा दिवस आमच्या पिंपळे गुरवात घरे पोटातले सारे बाहेर काढतात. फुटक्या बरण्या, उसवलेल्या गाद्या, एका पायाने अधू झालेल्या खुर्च्या, कुणाच्या तरी मुलीने कधीकाळी बक्षीस म्हणून आणलेला आणि आता काटे नसलेला घड्याळाचा डबा, अशी सगळी मंडळी रस्त्याच्या कडेला येऊन बसतात. मला या दिवसांत फिरायला जायला फार आवडते. माणसे आपल्याला काय दाखवतात ते वर्षभर दिसतच असते. ती काय टाकतात हे पाहायला दिवाळीच यावी लागते.

गेल्या वर्षी याच दिवसांत आमच्या गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या खांबाला टेकून एक सायकल उभी दिसली. जुनी, काळी, उंच आणि वजनदार. पूर्वी दूधवाले आणि कारखान्यातले कामगार वापरीत तशी. पहिल्या दिवशी वाटले, कुणीतरी ठेवून गेले असेल. दुसऱ्या दिवशी वाटले, विसरले असेल. तिसऱ्या दिवशी तिच्या सीटवर एक मांजर झोपलेले दिसले. चौथ्या दिवशी मात्र भंगारवाला तिच्याभोवती घिरट्या घालताना दिसला आणि मला काय झाले कुणास ठाऊक, मी लांबूनच ओरडलो, "अरे, ती माझी आहे!"

साठी उलटल्यावर इतके सरळ खोटे मी बहुधा पहिल्यांदाच बोललो. तो शांतपणे म्हणाला, "मग घरी न्या की, काका."

न्यावीच लागली. दोन्ही चाकांत हवा नव्हती. मी ती ढकलत दारात आणली तेव्हा आमच्या घरातून प्रश्न आला, "अहो, घरातलं बाहेर काढायचे दिवस आहेत हे. तुम्ही बाहेरचं आत काय आणताय?"

या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते. शेजारच्या वकीलसाहेबांनी ते पुरवले, पण त्याने माझी अडचण वाढलीच. ते म्हणाले, "1872 चा करार कायदा, कलम 71. दुसऱ्याची सापडलेली वस्तू तुम्ही ताब्यात घेतलीत की ती तुमच्याकडे ठेव म्हणून ठेवल्यासारखी होते. आता ती सांभाळायची आणि मालक शोधायचा." दीडशे वर्षांपूर्वीचा कायदा आपल्या अंगणात एका सायकलीच्या रूपाने येऊन उभा राहील, असे मला कधी वाटले नव्हते.

मी चौकीवर गेलो. तिथले हवालदार सभ्य होते. त्यांनी कागद पुढे ओढला आणि विचारले, "कंपनी?" मला सांगता येईना. "नंबर?" दिसला नव्हता. "रंग?" मी उत्साहाने म्हणालो, "काळा." ते हसले. "काळ्या तर सगळ्याच असतात, काका. बरं, काही खुणा?" मी गप्प राहिलो. "खुणा बघून ठेवा," ते म्हणाले, "म्हणजे कुणी चौकशीला आलं तर ताडून बघता येईल." तो रकाना कोराच राहिला आणि त्या कोऱ्या रकान्याने मला पछाडले.

ज्या पुण्याला एके काळी सायकलींचे गाव म्हणत, त्या पुण्यात माझे बालपण गेले. त्या काळच्या पोरांना सायकलीची जात लांबून कळत असे. त्यासाठी नाव वाचावे लागत नसे. चेनच्या मोठ्या दातेरी चक्राकडे पाहिले की पुरे. रॅलेच्या चक्रात बगळ्यांच्या माना कोरलेल्या असत. हंबरच्या चक्रात माणसांच्या छोट्या आकृत्या, रजच्या चक्रात हाताचा पंजा. बी.एस.ए.च्या चक्रात ती तीन अक्षरे, आणि तिची खूण म्हणजे एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका. कारण 1861 साली बर्मिंगहॅममध्ये ही कंपनी निघाली तीच मुळी बंदुका बनवायला. मग स्वातंत्र्यानंतर देशी सायकली आल्या. अंबत्तूरची हर्क्युलिस, सोनिपतची अ‍ॅटलस, 1956 पासून लुधियानाची हीरो. मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना होता आणि आसनसोलला सेन-रॅलेचा. हे दोन्ही 1980 साली कायदा करून सरकारने ताब्यात घेतले. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना 2020 च्या जूनमध्ये, नेमका जागतिक सायकल दिनाला, बंद पडला.

इतके सगळे मला ठाऊक होते, आणि माझ्या अंगणातली सायकल त्यातली कोण हे मला सांगता येत नव्हते. तिचे चक्र अगदी साधे, बाजारात मिळते तसे, नंतर केव्हातरी बदललेले. हँडलखालच्या नळीवर कंपनीचा बिल्ला असतो, तिथे दोन बारीक भोके तेवढी होती. चेनकव्हरवर एक अक्षर नव्हते. नंबर बहुधा सीटखालच्या सांध्यावर नाहीतर खाली क्रँकच्या नळीवर ठोकलेला असतो. दोन्ही ठिकाणी रंगाचा इतका जाड थर होता की बोट फिरवले तर म्हशीच्या पाठीवरून फिरवल्यासारखे वाटावे.

एका रविवारी मी कर्वेनगरला जाऊन आलो. तिथे विक्रम पेंडसे यांनी 2017 साली जुन्या सायकलींचे संग्रहालय उघडले आहे. काय एकेक सायकल! लखलखीत, आपापल्या जागी, आपापल्या नावानिशी उभी. परत येताना लोकलमध्ये मनात आले, लग्नघरातले मानाचे पाहुणे पाहून आलो. आपल्याकडे मात्र दाराशी उभा राहिलेला, स्वतःचे नाव न सांगणारा कुणी आहे.

शेवटी दापोडीच्या बाजूला, पवनेचा पूल ओलांडल्यावर, एक म्हातारे सायकल मिस्त्री बसतात त्यांच्याकडे मी तिला नेले. त्यांनी आधी काही विचारले नाही. सायकल उलटी केली, मागचे चाक फिरवले, कान देऊन ऐकले. मग क्रँक उघडला, छर्रे वाटीत काढून ठेवले, पेटीतली एक नवी वाटी घेऊन नळीला लावून पाहिली. ती बसेना.

"बारीक आटे आहेत," ते म्हणाले. "इंचाला 26. बाकीच्यांचे 24 असतात. ही रॅलेच्या घराण्यातली, साहेब."

मला एकदम आनंद झाला. "विलायतेची की आसनसोलची?"

"ते नंबर सांगेल. रंग खरवडू?"

मी मान हलवली. त्यांनी सीटखालच्या सांध्यावर पान्याच्या टोकाने रुपयाएवढी जागा खरवडली. काळ्याखाली काळा निघाला. त्याखाली पुन्हा काळा. मध्ये एक हिरवा पापुद्रा आला आणि गेला, पुन्हा काळा. मिस्त्री थांबले. "हा कंपनीचा रंग नाही," ते म्हणाले. "कंपनीचा भट्टीत पक्का केलेला असतो. हा डब्यातला, ब्रशनं मारलेला. एकदा नाही, पंचवीस-तीस वेळा. कुणीतरी हिला फार जपलंय हो." आणि मग, पुढे खरवडायच्या ऐवजी, त्यांनी डावे पायडल हातात धरून मला दाखवले. "तुम्ही हे बघितलं नाही?"

मी पाहिले होते आणि पाहिले नव्हते. डाव्या पायडलवर लाकडाचा एक ठोकळा होता, दोन बोटे उंच, ट्यूबच्या पट्ट्यांनी घट्ट बांधलेला. मी तो कुणीतरी केलेला जुगाड समजलो होतो. तो झिजून मध्ये खोलगट झाला होता. टाचेपुढचा तळवा जिथे टेकतो तिथे बरोबर.

"डावा पाय आखूड असणार," मिस्त्री म्हणाले.

पुलावरून परत येताना माझी मलाच लाज वाटली. आठ दिवस मी लोकांना विचारीत होतो, "कुणाची काळी सायकल हरवली आहे का?" म्हणजे मी वस्तूची जात विचारीत होतो; माणूस विचारतच नव्हतो. त्या संध्याकाळी काटेपुरम चौकाजवळच्या भाजीवाल्या मावशींना मी वेगळाच प्रश्न केला, "मावशी, इकडे डावा पाय ओढत चालणारं, पण सायकल चालवणारं कुणी होतं का?"

मेथीची जुडी बांधता बांधता, वर न बघता त्या म्हणाल्या, "फॅक्टरीतले अण्णा. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. मागच्या आळीत घर होतं, आता तिथं इमारत झालीय."

कंपनी नको, नंबर नको. एका वाक्यात उत्तर.

इमारत नवी होती. दार अण्णांच्या मुलाने उघडले. चाळिशीचा, चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला असलेला सरळ गृहस्थ. मी सायकलीचे नाव काढताच त्याचा चेहरा उतरला. जिन्यात येऊन, दार मागे ओढून घेत तो हळूच म्हणाला, "काका, ती हरवली नव्हती. मीच ठेवली होती."

"टाकलीत?"

"टाकली कशी म्हणू? बैठं घर पाडलं तेव्हापासून खाली पार्किंगमध्ये होती. तिथं एकच गाडी लावायला जागा. सगळे रोज म्हणायचे, हलवा. भंगारवाल्यानं दोनदा भाव सांगितला. पण किलोनं तिचं वजन करताना उभं राहवेना मला. म्हटलं, रस्त्यावर ठेवावी. ज्याला गरज असेल तो घेऊन जाईल. आईला अजून सांगितलेलं नाही."

पण दार नीट लागले नव्हते. आतून आवाज आला, "कोण आलंय रे?"

मी आत जाऊन बसलो. आजींनी सगळे ऐकून घेतले. मुलाला एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी मला फक्त एकच विचारले, "तुम्ही रंग तर नाही ना खरवडला?"

मी रुपयाएवढ्या जागेची कबुली दिली.

"लग्नाच्या वर्षी घेतली त्यांनी, 1968 ला, कुणाची तरी जुनी. बिल्ला तेव्हाच नव्हता. खडकीच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत लागले होते. डावा पाय दोन बोटं आखूड; लोक म्हणायचे, चालत जायला जमणार नाही आणि सायकल तर नाहीच. तो ठोकळा त्यांनी स्वतः तासला. आणि दर खंडेनवमीला रंग. लोक हत्यारांची पूजा करतात, हे सायकलीची करायचे. आदल्या रात्री रंग, सकाळी झेंडूची माळ. एका वर्षी काळा मिळाला नाही तर हिरवा लावला, आणि वर्षभर तोंड वाकडं करून फिरले." त्या हसल्या. "निवृत्त झाल्यावरसुद्धा रंग चुकला नाही."

मी हिशेब केला. 1968 साली हे खेडे होते. भोवती शेते, नदीपलीकडे दापोडी, आणि पलीकडच्या मुंबई-पुणे रस्त्यावर पाळी सुटली की सायकलींची रांग. महानगरपालिका झाली ती 1982 साली. शेतांची घरे झाली, घरांच्या इमारती झाल्या, डायनासोरच्या पुतळ्याचे उद्यान झाले. आणि एक माणूस दर वर्षी त्याच सायकलीवर एक थर चढवीत राहिला. बनवणाऱ्याने ठोकलेला नंबर वापरणाऱ्याने स्वतःच्या हातांनी झाकून टाकला होता. मी मात्र तो झाकलेला नंबर शोधीत होतो आणि झाकणाऱ्याला विसरलो होतो.

तिथे बसल्या बसल्या मला माझ्या वडिलांची सायकल आठवली. ती कोणत्या कंपनीची होती हे मला आजही सांगता येणार नाही. पण दांडीवर गुंडाळलेली टॉवेलची घडी, तिच्यावर मी बसलेलो, आणि चढावर मानेला लागणारा त्यांचा श्वास, एवढे आठवते. चौकीवर तो रकाना भरायला मला सांगितले असते तर मी हेच लिहिले असते.

आजींनीच शेवटी निकाल दिला. "चालवणाऱ्याला द्या. उभी राहून गंजायला त्यांनी ती रंगवली नव्हती. ठोकळा तेवढा मला आणून द्या."

मिस्त्रींनी चाके नीट केली, नवी पायडले बसवली. "नंबर बघायचा राहिला," ते म्हणाले. मी म्हटले, "राहू द्या." आमच्या शेजारच्या सोसायटीत रात्रपाळीला एक पहारेकरी आहे, तो दापोडी स्टेशनवरून चालत येत असे. आता सायकलीवरून येतो. ठोकळा आजींच्या देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर आहे. त्यांच्या मुलाने तिथे तो स्वतः ठेवला.

चौकीवर जाऊन मी मालक मिळाल्याचे सांगितले. हवालदारांनी विचारले, "मग खूण काय निघाली?" मी म्हणालो, "डाव्या पायडलवर लाकडाचा ठोकळा." ते म्हणाले, "अहो, मग पहिल्याच दिवशी सांगायचं नाही का!"

यंदाच्या खंडेनवमीला सकाळी दूध आणायला निघालो. सोसायटीच्या फाटकाशी सायकल उभी होती. हँडलला झेंडूची माळ होती. पहारेकऱ्याला मी यातले काही सांगितलेले नव्हते. पण त्याच्याही गावाकडे कामाच्या वस्तूची पूजा करतात. जवळ जाऊन पाहिले. सीटखालच्या सांध्यावरची ती रुपयाएवढी जागा ताज्या काळ्या रंगाने भरून निघाली होती. रंग अजून ओला होता, म्हणून मी हात लावला नाही.